हेडफोनची मुकी बाजू

हेडफोनची एक बाजू मुकी झाली की आतील पडदाच फाटला असे अनेकांना वाटते. वस्तुतः दोष पुष्कळदा प्लगजवळच्या तारेत असतो. वारंवार वाकल्याने तेथील तांब्याचे तंतू तुटतात. गाणे चालू ठेवून तार हळूहळू वाकवावी. आवाज येतो-जातो तेथेच तूट समजावी. मग हेडफोन यंत्रापासून सोडवून तेवढा भाग कापावा व नवा ३.५ मिलिमीटरचा प्लग जोडावा.

मात्र डाख धरत नाही, आणि येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. तंतू उघडे दिसतात, पण त्यांवर बहुधा रंगीत रोगणाचा वीजरोधक लेप असतो. डाखाच्या तापलेल्या थेंबात टोक काही क्षण धरल्यास लेप जळून रुपेरी कळा चढते. धूर हुंगू नये. प्लगचे टोपण तारेत आधीच ओवावे. ते विसरल्यास केलेला जोड पुन्हा सोडवावा लागतो.