कोची

केरळातील कोची शहराला बंदर दिले ते कोणा राजाने नव्हे, नदीच्या पुराने! १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला. उत्तरेकडील कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि कोचीपाशी खाडीला नवे मुख फुटले, असे मानतात. पुढे मिऱ्यांच्या ओढीने देशोदेशींची गलबते येथे येऊ लागली.

एर्नाकुलमहून बोटीने खाडी ओलांडली की आपण फोर्ट कोचीला उतरतो. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला. त्याची जुनी समाधी येथील चर्चमध्ये आहे. परंतु तेथे फार वेळ दवडू नये. मट्टनचेरीत अधिक पाहावयास मिळते. तेथील यहुद्यांचे प्रार्थनामंदिर १५६८ सालचे आहे. इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक यहुदी कुटुंबे तिकडे गेली. मंदिर उरले; प्रार्थनेस येणारी माणसे जवळजवळ उरली नाहीत.

पोर्तुगिजांच्या छळाला त्रासून गोव्याहून आलेली कोकणी कुटुंबे मात्र येथेच रुजली. रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे त्यांच्यापैकीच तीन वैद्य. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्या कामी या तिघांनी आणि इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने त्याला साहाय्य केले. १६७८ साली ॲम्स्टरडॅम येथे निघालेल्या पहिल्या खंडात या तिघांचे कोकणी पत्र नागरी लिपीत छापलेले आहे. मुलांनो, ती अक्षरे तुम्हांला ओळखीची वाटतील.

भूक लागली तर जाळीदार अप्पम आणि माशांचे कालवण मागावे. कालवणात आंबटपणासाठी कुडमपुळी घालतात. हे फळ म्हणजे आपल्या कोकमाचेच भावंड होय. समुद्रस्नानासाठी वायपीन बेटावरील चेराईची पुळण उत्तम.

तथापि कोचीची खरी ओळख म्हणजे खाडीच्या मुखाशी उभी असलेली चिनी जाळी. सागवानी वाशांच्या सांगाड्याच्या एका टोकाला भलेमोठे जाळे असते, तर दुसऱ्या टोकाला दोरांनी धोंडे टांगलेले असतात. पाचसहा माणसे जाळे पाण्यात सोडतात आणि थोड्याच वेळात दोर ओढतात. धोंड्यांच्या भाराने एवढे अवजड जाळे अलगद वर येते! कधी त्यात टोपलीभर मासळी असते, कधी मूठभर. अलीकडे मूठभराचेच दिवस अधिक. मासळी घटली, सागवान महागले, वाहत आलेली जलपर्णी जाळ्यांत अडकू लागली. जाळ्यांची संख्या कमी होत चालली आहे. काहींना सागाऐवजी लोखंडी नळ बसविले आहेत. जी जाळी उरली आहेत, त्यांवरची माणसे मात्र अजूनही धोंड्यांचा तोल साधून दोर ओढतात आणि निघेल ती मासळी काठावरच विकावयास मांडतात.