देवाच्या जमिनी आणि गावांची नावं

खानदेशातल्या पिंपळनेरच्या आसपासची शिवारांची नावं टिपून ठेवण्याची आणि जुने दानलेख वाचण्याची मला आवड आहे. त्यातून जे उमगलं ते असं.

1. गावाच्या नावात मालक शोधण्याआधी झाड शोधावं. आमच्या पिंपळनेरात पिंपळ आहे, बोरकुंड आणि बोरविहीर यांत बोर. हंगेरीत मात्र मध्ययुगात चर्चकडे अफाट जमीन होती आणि तिथे मालकच नावात उतरला. बेलापाट्फाल्वा या नावात मठाधिपती आहे. तिथला सिस्टर्शियन मठ 1232 सालचा. प्युश्पोक्लादान्य या नावात बिशप आहे.

2. एका नावाची दोन गावं जवळजवळ असली की लोक ‘कोणाची?’ असं विचारतात. पुण्याकडे देवाची आळंदी आणि चोराची आळंदी (आता म्हातोबाची), देवाची उरुळी आणि उरुळी कांचन ही नावं त्यामुळेच वेगळी ओळखू येतात. पिंपळनेरं पारनेर, माढा आणि बीड तालुक्यांतही आहेत. पारनेरचं तर संत निळोबारायांचं. पण ती एकमेकांपासून लांब, म्हणून तालुका सांगितला की भागतं.

3. दान दिलं की नाव बदलतंच, असं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख शके 1128 चा, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातून काय मिळायचं हे सांगायची वेळ आली तेव्हा लिहिणारा मराठीवर आला: गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, चालेल त्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. तेल्याला आणि गिऱ्हाइकाला कळेल अशाच भाषेत हे लिहिणं भाग होतं. हंगेरीतल्या तिहान्य मठाच्या 1055 च्या दानपत्रातही तसंच घडलं. मजकूर लॅटिन, पण जमिनीच्या हद्दी सांगताना हंगेरियन शब्द आले, आणि आज ते त्या भाषेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मोजले जातात. पाटणला मठाचं नाव लागलं नाही. उलट तिथल्या चंडिकेलाच गावाचं नाव मिळालं: पाटणादेवी. मला हा लेख खानदेशातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो.

4. नावसाम्याला भुलू नये. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव हे गाव योगी चांगदेवांचं, पाटणच्या ज्योतिष्याचं नव्हे. शेजारच्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते मुक्ताईवरच्या भक्तीतून, जमिनीच्या मालकीतून नव्हे.

5. देवाची मालकी आमच्याकडे टिकली ती वावरात. देवस्थान इनाम म्हणजे वर्ग 3 ची जमीन. तिचा मालक देव, पुजारी फक्त वहिवाटदार. 2021 साली सर्वोच्च न्यायालयानेही मध्य प्रदेशातल्या प्रकरणात हेच सांगितलं. अहिराणीत कोणी ‘देवनं वावर’ म्हणालं, तर त्या दोन शब्दांत एक जुनं दानपत्र असू शकतं. पण 1947 च्या एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. सातबाऱ्यावर आकडा राहतो आणि वावराचं नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी.

म्हणून सांगणं एवढंच: आपल्या शिवारातल्या वावरांची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्या आणि प्रत्येकापुढे गट नंबर लिहून ठेवा.