बर्फाच्या मुलखातला वाटाड्या



माझे मामा ज्ञानगंगा अभयारण्यात गाईड म्हणून जातात. गाईड म्हणजे वाटाड्या. पाहुण्यांना गाडीत बसवून जंगल दाखवायचे, हे त्यांचे काम. दिवाळीच्या सुटीत मी त्यांना विचारले, "मामा, बर्फाच्या देशात बी गाईड असतात काय?" मामा हसले. म्हणाले, "असतीन बाप्पा. तुह्या गुरुजीले इचार." शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला आणि दोन तास समजावून सांगितले. ते मी वहीत उतरवून घेतले. त्यातलेच येथे देत आहे.

दोन टोके, दोन मुलूख

पृथ्वीच्या वरच्या टोकाला उत्तर ध्रुव आणि खालच्या टोकाला दक्षिण ध्रुव म्हणतात. बर्फ दोन्हीकडे आहे, पण दोन्ही मुलूख सारखे नाहीत. उत्तरेला मधोमध गोठलेला समुद्र आणि त्याच्या भोवती जमीन आहे. दक्षिणेला मधोमध जमीन, म्हणजे अंटार्क्टिका खंड, आणि त्याच्या भोवती समुद्र आहे. पांढरे अस्वल फक्त उत्तरेकडे असते. अंटार्क्टिकात अस्वल नाही, आणि उत्तर ध्रुवाकडे पेंग्विन नाही. आपण चित्रात दोघांना शेजारी शेजारी काढतो, ते चूक आहे. मी पण मागल्या वर्षी तसेच काढले होते.

आपल्या देशाची माणसेसुद्धा तिकडे जातात. पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून बोटीने निघाली. तीत २१ जण होते आणि डॉ. कासिम हे प्रमुख होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ती अंटार्क्टिकाला पोचली. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत आपल्या विदर्भातल्या, नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या स्त्रिया. उत्तरेकडे नॉर्वे देशाच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ साली भारताने 'हिमाद्री' नावाचे केंद्र उघडले. या साऱ्या कामाची व्यवस्था गोव्यात वास्को येथील संस्था पाहते.

वाटाड्याचा दिवस

स्वालबार्डला उन्हाळ्यात जहाजाने पाहुणे येतात. तिथे साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. उलट हिवाळ्यात महिनोन् महिने उगवत नाही. त्यामुळे वाटाड्याची सकाळ उजेडावर ठरत नाही, घड्याळावर ठरते. भर उन्हाळ्यातही हवा पाच-सात अंशांचीच असते. म्हणून आत लोकरीचे, वर वारा न शिरणारे, असे एकावर एक कपडे घालतात.

उठल्यावर पहिले काम वारा पाहण्याचे. वारा उलटा असला, लाटा मोठ्या असल्या, की किनाऱ्यावर उतरायचे नाही. दुसरे काम दुर्बीण घेऊन किनारा पाहण्याचे. बर्फ पांढरे आणि अस्वलही पांढरे, मग ते दिसावे कसे? गुरुजी म्हणाले, अस्वलाचा रंग जरासा पिवळसर, सायीसारखा असतो. पांढऱ्या बर्फावर पिवळट ठिपका दिसला, की वाटाड्या दुर्बीण तिथेच रोखून बसतो. ठिपका हलतो का, ते पाहतो.

काही दिसले नाही, तरी पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत. आधी वाटाडे रबरी होडीतून एकटेच जातात. उंच जागेवर चढून चारी बाजू पाहतात. टेकडीच्या आड, खडकांच्या मागे कोणी निजले नाही ना, याची खात्री करतात. मगच पाहुण्यांना थोडे थोडे करून आणतात. चालताना सर्वांनी एकत्र राहायचे. पुढे वाटाड्या आणि त्याच्या खांद्यावर बंदूक. जवळ आवाज व उजेड करणारे संकेताचे पिस्तूलही असते. अस्वल लांबून दिसले तरी गंमत पाहत थांबायचे नाही. गुपचूप होडीत बसून परत जायचे. बंदूक ही अगदी शेवटची गोष्ट. जीव वाचवायला जरी अस्वल मारले, तरी सरकार चौकशी करते. हिमाद्रीतल्या शास्त्रज्ञांनाही वस्तीबाहेर जायचे तर बंदूक चालवायला शिकावे लागते.

संध्याकाळी जहाजावर सगळे परत आले की नाही ते मोजतात. मग बंदुका पुसून ठेवायच्या आणि पाहुण्यांना आज काय पाहिले ते सांगायचे. म्हणजे वाटाड्या दिवसा राखणदार आणि संध्याकाळी गुरुजी!

जवळ का जायचे नाही?

मला वाटले होते, चांगला वाटाड्या म्हणजे जनावराच्या अगदी जवळ नेणारा. पण तिथला कायदा उलटा आहे. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डला पांढऱ्या अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहावे लागते. १ मार्च ते ३० जून या काळात तर ५०० मीटर. तीनशे मीटर म्हणजे आपल्या शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या पाराच्याही पुढे. अंटार्क्टिकात पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचे, म्हणजे जवळजवळ फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. पेंग्विन वाटेत आला तर वाट त्याची, आपण थांबायचे. उतरण्याआधी आणि परत आल्यावर बूट धुवायचे, म्हणजे रोगाचे जंतू किंवा परके बी तिकडे जात नाही. तिथला खडासुद्धा खिशात घालून आणायचा नाही.

याला कारणे आहेत. पांढरे अस्वल समुद्रावरच्या बर्फात सील पकडून खाते. उन्हाळ्यात बर्फ वितळले की शिकार कमी मिळते. तेव्हा अंगातली चरबी हीच त्याची कणगी. आपण त्याला उगाच पळायला लावले, तर त्याच्या कणगीतले धान्य आपण सांडले असे होते. पेंग्विनचेही तसेच. अंड्यावर आई किंवा बाप बसलेला असतो. तो भिऊन उठला, तर स्कुआ नावाचा पक्षी टपलेलाच असतो. तो तेवढ्यात अंडे उचलतो. माणसाने अंड्याला हातही लावलेला नसतो, पण अंडे जाते माणसामुळेच.

हे सारे मी मामांना सांगितले. ते म्हणाले, "आमचं बी हेच हाय. जनावरानं मान वर केली का समजायचं, आपुन लय जवळ आलो."

आपल्याकडची गोष्ट

ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली झाले. ते सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. तिथे बिबट, तडस, नीलगाय आणि आपले काळे अस्वल आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे त्याची वाट समजत होती. तेलंगणाच्या भागातून फिरत, तेराशेहून जास्त किलोमीटर चालून, तो डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या ज्ञानगंगेत आला. शेते, रस्ते, गावे ओलांडून आला. दिवसा लपायचा, रात्री चालायचा. एवढ्या प्रवासात एक माणूस जखमी झाला, तोही वाघ लपला होता त्या झुडपात माणसे शिरली म्हणून.

आता मला एक गोष्ट लिहायची आहे. ती मी घरी सांगितली नव्हती.

मागल्या जानेवारीत आमच्या शेजारच्या धुऱ्यावर बोरीखाली अस्वल आले होते. ते खाली पडलेली बोरं खात होते. आम्ही पाच-सहा पोरं शाळेत येत होतो. आम्ही आरडाओरड केली आणि दगड मारले. मी दोन मारले. अस्वल घाबरून पळाले ते नेमके, जिथे काकू कापूस वेचत होत्या त्या वावरात. काकू पळताना धुऱ्यावर पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. गावात सगळे म्हणाले, अस्वल माजले, माणसाच्या अंगावर येते. आम्ही गप्प बसलो.

अस्वल अंगावर आले नव्हते. आम्ही त्याला तिकडे हाकलले होते. आपल्या अस्वलाची नजर कमजोर असते, ऐकूही बेताचेच येते. माणूस एकदम जवळ दिसला की ते घाबरते, आणि घाबरले की चावा घेते, नखे मारते. त्या दिवशी काकू त्याच्या वाटेत आल्या असत्या, तर मनगटावर निभावले नसते.

हा लेख भिंतीवर लावण्याआधी मी काकूंना वाचून दाखवला आणि माफी मागितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लाव बाप्पा. बाकीच्या पोट्ट्यायले तरी समजीन."

बर्फाच्या मुलखात जावे लागत नाही, तरी वाटाड्याचे नियम आपल्याला उपयोगी आहेत. म्हणून ते खाली देतो.

१. जनावर दिसले तर थांबा. दगड मारू नका, मागे धावू नका.
२. त्याची पळायची वाट मोकळी ठेवा. चारी बाजूंनी घेरू नका.
३. हळूहळू मागे सरका आणि मोठ्या माणसांना सांगा.
४. शेतात कामाला असलेल्यांना आधी हाक द्या. ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणून तिथे नाहीत असे समजू नका.
५. पहाटे व अंधार पडल्यावर जंगलाच्या कडेने एकटे जाऊ नका. बोलत बोलत, काठी आपटत जा, म्हणजे अस्वलाला आधी कळते आणि ते स्वतःच बाजूला होते.

चौथा नियम गुरुजींनी सांगितलेला नाही. तो मी घातला आहे.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थी