आत्मगामी क्रियेची मराठी रूपे : स्पॅनिश ‘से’च्या निमित्ताने

मराठी व्याकरणाच्या अध्यापनात ‘आत्मवाचक’ ही संज्ञा एकाच ठिकाणी भेटते; सर्वनामांच्या प्रकरणात, आणि तेथेही शेवटी. ‘आपण’ व ‘स्वतः’ ही दोन सर्वनामे, त्यांची एकेक दोन उदाहरणे आणि ‘आपण’च्या स्थानासंबंधी एक नियम एवढ्यावर विषय संपतो. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या परंपरेतून शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तकांपर्यंत जे झिरपत आले त्यात आत्मवाचकता हा शब्दजातीचा प्रश्न राहिला, क्रियेचा झाला नाही. कर्त्याने केलेल्या क्रियेचे फळ कर्त्याकडेच परतते तेव्हा मराठी क्रियापदात काही घडते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचे योजिले आहे. त्यासाठी स्पॅनिश भाषेतील आत्मगामी क्रियापदाची चौकट हाताशी घेतली आहे. ती आदर्श म्हणून नव्हे, आरसा म्हणून.

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच ‘लाबार्से’ हे क्रियापद चालवावे लागते. ‘लाबार’ म्हणजे धुणे, ‘लाबार्से’ म्हणजे आपले अंग धुणे. ‘मे लाबो, ते लाबास, से लाबा, नोस लाबामोस, ओस लाबाइस, से लाबान’ अशी त्याची वर्तमानकाळी सहा रूपे होतात. (लिपीत ‘व्ही’ असले तरी उच्चार ‘ब’कडे झुकतो.) येथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात: क्रियापदाचा प्रत्यय आणि त्याच्या आधी येणारे लहानसे सर्वनाम. पुरुष आणि वचन दोन्हींकडे नोंदले जातात. आपले नाव सांगतानाही स्पॅनिश माणूस ‘मे यामो’ असे म्हणतो. शब्दशः, ‘मी मला म्हणवतो’.

या रूपावलीचे मराठी करताना विद्यार्थी हटकून ‘मी स्वतःला धुतो’ असे लिहितो आणि लिहिल्याबरोबर त्याला ते खटकते. खटकणे योग्यच आहे. मराठीत माणूस अंग धुतो, आंघोळ करतो, हात धुतो. स्वतःला धुवत नाही. ‘स्वतःला’ आले की कर्ता जणू दोन ठिकाणी उभा राहतो, एक धुणारा आणि एक धुतला जाणारा. म्हणून ‘तिने स्वतःला आरशात पाहिले’, ‘त्याने स्वतःला दोष दिला’ ही वाक्ये सहज वाटतात. तेथे तसे दुभंगणे अभिप्रेतच असते. रूपावलीच्या दृष्टीने पाहता ‘स्वतः’ अविचल आहे. मी, तू, तो, आम्ही कोणीही कर्ता असो, ‘स्वतःला’ तसेच राहते. रशियन भाषेत क्रियापदाच्या शेवटी लागणारा आत्मगामी प्रत्यय असाच सर्व पुरुषांना समान असतो. स्पॅनिश ‘से’ मात्र केवळ तृतीय पुरुषाचा. शिवाय ‘स्वतः’ हे मुळात संस्कृतातले अव्यय, ‘स्वपासून’ अशा अर्थाचे. मराठीने त्या अव्ययालाच विभक्तिप्रत्यय जोडून ‘स्वतःला, स्वतःचा, स्वतःशी’ अशी रूपे बनविली. विसर्गापुढे प्रत्यय लागलेला पाहूनही कोणा मराठी माणसाला आज काही वावगे वाटत नाही, हे त्या शब्दाच्या पूर्ण घरजावईपणाचे लक्षण मानावे लागेल.

‘आपण’चा वंश निराळा. संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृत ‘अप्पा, अप्पण’, मराठी ‘आपण’ अशी ही सरळ वाट आहे. प्राकृताच्या उल्लेखाने पाथर्डीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मोहटादेवी आणि मढीच्या कानिफनाथांसाठी सर्वांना ठाऊक असले, तरी जैन अभ्यासकांना ते तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डासाठी परिचित आहे. याच तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेल्या आचार्य आनंदऋषींचे नाव त्या कार्याशी निगडित आहे. अर्धमागधी आगमांशी परिचय असलेल्याला ‘अप्पा’ हा शब्द व्याकरणातून शिकावा लागत नाही. आत्म्याच्या चर्चेत तो शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. आत्मा या तत्त्ववाचक शब्दापासून ‘आपण’ या घरगुती सर्वनामापर्यंतचा प्रवास तेथल्या अभ्यासकाला चार पावलांवर दिसावा.

प्राकृताने आणखी एक गोष्ट केली आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. संस्कृतात क्रियाफल कोणाकडे जाते हे क्रियापदाचे प्रत्ययच सांगू शकत. पाणिनीने (१.३.७२) काही धातूंच्या बाबतीत, फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद होते, अशी व्यवस्था लावली आहे. यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’, ऋत्विज यजमानासाठी करतो तेव्हा ‘यजति’ हे तिचे परंपरागत उदाहरण होय. प्रत्यक्ष प्रयोगात हा भेद संस्कृतातच शिथिल झाला होता. प्राकृतांत आत्मनेपदाचे प्रत्यय विरळ झाले आणि मराठीपर्यंत ती व्यवस्था पोहोचलीच नाही. प्रत्यय गेले, गरज गेली काय?

गरज गेली नाही, याची साक्ष ‘घेणे’ आणि ‘देणे’ ही दोन सहायक क्रियापदे देतात. ‘तिने भाकरी करून घेतली’ आणि ‘तिने भाकरी करून दिली’ या वाक्यांत यजते-यजतिचाच भेद नव्या साधनांनी उभा राहिला आहे. ऊसतोडीला निघालेल्या पाथर्डी तालुक्यातील कुटुंबात पहाटे घडणाऱ्या कामांची वाक्ये मनात आणून पाहावीत: पाणी भरून घेतले, भाकरी बांधून घेतल्या, पोराला अंगडे घालून दिले. कोणती क्रिया आपल्याकडे वळली आणि कोणती दुसऱ्याकडे, हे बोलणारा एकदाही चुकत नाही. आणि त्याला हे कोणत्याही व्याकरणाने शिकविलेले नसते. मात्र ‘करून घेणे’ला दुसरी बाजूही आहे. ‘मुकादमाने काम करून घेतले’ या वाक्यात काम मुकादमाने केलेले नाही. त्याचा लाभ मात्र त्याचा आहे. फळ कर्त्याकडे येते, श्रम दुसऱ्याचे असतात. पाणिनीच्या यजमानाचीही स्थिती नेमकी हीच आहे, ही गोष्ट गमतीची खरी.

न्हाव्याच्या बाबतीत मराठी अधिक बेफिकीर आहे. ‘न्हाव्याने दाढी केली’ या वाक्यात दाढी कोणाची, हे संदर्भावाचून कळत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आफेइता’ म्हटले की गिऱ्हाइकाची, ‘से आफेइता’ म्हटले की त्याची स्वतःची. बर्ट्रंड रसेलच्या नावाशी जोडले गेलेले न्हाव्याचे कोडे मराठीत सांगताना ‘जे स्वतःची दाढी स्वतः करीत नाहीत’ असे ‘स्वतः’ दोनदा आणावे लागते: एक दाढीचा मालक सांगण्यासाठी, दुसरे करणारा सांगण्यासाठी.

स्पॅनिश ‘से’चे दुसरे मोठे काम म्हणजे सकर्मक क्रियापदाला अकर्मक करणे. ‘रोम्पेर’ मोडणे, ‘रोम्पेर्से’ आपोआप मोडणे. मराठीला येथे ‘से’ची गरज पडत नाही, धातूच बदलतो. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे ही जोड्यांची रांग सर्वांच्या परिचयाची आहे. ‘त्रुट्यति’पासून तुटणे, ‘त्रोटयति’पासून तोडणे. ‘ऊस तुटला’ आणि ‘ऊस तोडला’ यांतील अंतर त्या कोयत्याला चांगले ठाऊक असते. (कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी, उचल तिच्या नावावर असते.) या भागावर अधिक थांबण्याचे कारण नाही.

थांबावयाचे ते पुढील वर्गापाशी. भूतकाळात सकर्मक क्रियापदाचा कर्ता ‘ने’ घेतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: ‘तिने भाकरी केली’. परंतु काही सकर्मक क्रियापदे हा नियम मोडतात. ‘ती लुगडे नेसली’, ‘तो पाणी प्याला’, ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’, ‘ती दागिने ल्याली’, ‘तो तिला भेटला’. व्याकरणाच्या पुस्तकांत यांची यादी अपवाद म्हणून येते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. ती अपवादांची यादी आहे असे समजणे हीच मूळ अडचण आहे. या क्रिया एकत्र ठेवून पाहिल्या तर त्यांपैकी बहुतेकींत क्रियेचा परिणाम कर्मावर नव्हे, कर्त्यावर होतो असे दिसते. लुगडे नेसल्याने लुगडे बदलत नाही, नेसणारी बदलते. धडा शिकल्याने धड्याला काही होत नाही. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात भारतीय भाषांतील खाणे, पिणे, शिकणे, समजणे अशा क्रियापदांचा, कर्त्याने काही आत घेण्याच्या अर्थाचा, स्वतंत्र गट कल्पिला होता. मराठीतील ही यादी त्या गटाशी बऱ्याच अंशी जुळते.

आणि स्पॅनिशचा आरसा येथेच खरा उपयोगी पडतो. पिणे, विसरणे, शिकणे, कपडे घालणे या क्रियापदांना स्पॅनिशमध्ये ‘से’ लागतो किंवा लागू शकतो: बेबेर्से, ओल्बिदार्से, आप्रेन्देर्से, बेस्तिर्से. ‘से बेबिओ एल आग्वा’, म्हणजे त्याने पाणी पिऊन टाकले. परस्परांशी थेट संपर्क न आलेल्या दोन भाषांनी जवळजवळ एकाच क्रियावर्गाला वेगळी वागणूक द्यावी, एकीने सर्वनाम जोडून आणि दुसरीने ‘ने’ नाकारून, ही गोष्ट अपवाद या शब्दाने निकालात निघत नाही. मराठीचा ‘से’ सर्वनामांच्या प्रकरणात शोधू नये. तो भूतकाळाच्या कर्तरी प्रयोगात दडलेला आहे.

हा युक्तिवाद ताणू नये, हेही खरे. ‘खाणे’ हे आत घेण्याच्या क्रियेचे सर्वांत सरळ उदाहरण, आणि तेच ‘ने’ घेते: ‘त्याने भाकरी खाल्ली’. ‘म्हणणे’ दोन्हीकडे पाय ठेवून आहे: बोलण्याच्या अर्थी ‘तो म्हणाला’, गाण्याच्या अर्थी ‘त्याने गाणे म्हटले’. ‘जिंकणे’ आणि ‘हरणे’ यांचे कर्त्याशी नाते वेगळ्या प्रकारचे आहे. अर्थ हा वर्गाचा पाया असला तरी वर्गाची सीमा रूढीने आखली आहे असेच म्हणणे सुरक्षित.

ही सीमा आज सरकत आहे. नगर-बीड पट्ट्यात ‘त्यानं पाणी पिलं’ सर्रास ऐकू येते. शहरी लेखनातही ‘त्याने पाणी प्यायले’, ‘तिने साडी नेसली’ रुळले आहे. ‘ने’ नसलेल्या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही स्त्रीलिंगी असले की क्रियापद कोणाप्रमाणे चालले हे कळतच नाही. ‘ती साडी नेसली’ यात ‘ती’ ही बाई की ‘ती साडी’, हाही संशय उरतो. प्रथम पुरुषात मात्र कल स्पष्ट होतो: ‘मी साडी नेसले’ म्हणणारी कर्तरी प्रयोग राखते, ‘मी साडी नेसली’ म्हणणारी कर्मणीकडे गेलेली असते. या सरकण्याला ‘घेणे’चा हातभार लागला असावा, असा तर्क करता येतो. ‘तिने लुगडे नेसून घेतले’, ‘त्याने पाणी पिऊन घेतले’ या संयुक्त रूपांत प्रयोग ‘घेणे’ ठरविते आणि ‘ने’ सक्तीचा होतो. त्या वळणाने मूळ क्रियापदही ओढले जाते. तर्क बरोबर असेल तर एक आत्मगामी साधन दुसऱ्याला हटवीत आहे. तोवर उत्तरपत्रिकेतील ‘तिने लुगडे नेसले’वर लाल रेघ ओढणाऱ्या परीक्षकाने आपण चूक दाखवीत आहोत की भाषेची हालचाल, याचा विचार केलेला बरा.

आता ‘आपण’संबंधीचा तो नियम. आत्मवाचक ‘आपण’ वाक्यारंभी येत नाही, असे शिकविले जाते. ‘आपण चुकलो, असे सखूला वाटले’ या वाक्याचे काय करावयाचे? येथे ‘आपण’ म्हणजे सखूच. क्रियापद मात्र प्रथमपुरुषी अनेकवचनी. अडचण स्थानाची नाही, पूर्वसंदर्भाची आहे. काशी वाली आणि के. व्ही. सुब्बाराव यांनी १९९१ मधील आपल्या लेखात मराठी व तेलुगू सर्वनामांच्या वर्गीकरणाचा प्रश्न याच दिशेने हाताळला. ‘स्वतः’ आपल्याच उपवाक्यातील कर्त्याकडे पाहते, ‘आपण’ उपवाक्याची भिंत ओलांडून बाहेरच्या कर्त्याकडे. म्हणून ‘सखूने आपल्याला दोष दिला’ यात सखूने सखूलाच दोष दिला असा अर्थ सहज लागत नाही. ‘सखूला वाटले, लोक आपल्याला दोष देतील’ यात चटकन लागतो. स्पॅनिश ‘से’ ही भिंत ओलांडत नाही. मराठी कथा-कादंबरीत निवेदक तृतीय पुरुषात राहूनही पात्राच्या मनात शिरतो, तो बहुतेक वेळा या ‘आपण’च्या दाराने. कादंबरीच्या निवेदनाचे विश्लेषण करणाऱ्या प्रबंधांत दृष्टिकोनाची चर्चा पानेच्या पाने होते. या सर्वनामाची मोजदाद क्वचितच केलेली आढळते.

षष्ठीच्या रूपात मात्र ‘आपला’ घरातही चालतो. ‘मुकादमाने टोळीला आपल्या गाडीतून नेले’ म्हटले की गाडी मुकादमाची. ‘त्यांच्या गाडीतून’ म्हटले की टोळीची किंवा तिसऱ्याच कोणाची. बोलताना आवाज आणि हातवारे मदतीला असतात, लेखी जबाबात ते नसतात. ‘थोरल्याने धाकट्याला आपल्या शेतातून जाऊ दिले नाही’ हे वाक्य वहिवाटीच्या तंट्यात कागदावर उतरले, की व्याकरणाप्रमाणे शेत थोरल्याचे ठरते. सांगणारा धाकटा असेल आणि ऐकणाऱ्या घरच्यांना धरून त्याने ‘आपल्या’ म्हटले असेल, तर त्याच्या मनात शेत सामाईक आहे. पुढे लिहिणाऱ्याने जबाब प्रथम पुरुषातून तृतीय पुरुषात फिरविला, ‘मला’चे ‘धाकट्याला’ केले आणि ‘आपल्या’ तसेच ठेवले, तर सामाईक शेताचे एकट्या थोरल्याचे शेत होते. धाकट्याने मात्र एकही शब्द चुकीचा उच्चारलेला नसतो.