गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन : त्याची ओळख व सुटे भाग

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां एक गोष्ट माझ्या मनावर पक्की ठसली. ‘आंब्याखालचें शेत’ किंवा ‘ओढ्याकडची पट्टी’ म्हणून जमीन घरच्यांस ओळखतां येते; कचेरींत ती ओळख चालत नाहीं. तेथें गट नंबर, क्षेत्र व चतुःसीमा सांगाव्या लागतात. इंजिनाचेंही तसेंच आहे. ‘लाल मशीन’ एवढ्या नांवावर घरांत काम भागतें. परंतु सुटा भाग घेण्यास गेल्यावर इंजिनाचा नंबर ठाऊक नसेल, तर पैसा व वेळ दोन्ही जातात. माझे स्वतःचे गेले, म्हणून हा लेख लिहीत आहें.

मुळा व पवना ह्या नद्यांच्या मधील आमच्या सांगवीस व आसपासच्या गांवीं शेती आतां थोडी राहिली आहे. राहिलेल्या तुकड्यांवर पुष्कळ खातेदारांनीं हिरवळ लावून लग्नकार्यांसाठीं लॉन केलीं आहेत. हिरवळ हें एक पीकच होय. त्याची कापणी मात्र वर्षभर चालते. माझ्या पुतण्याचेंही असें एक लॉन आहे. दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत तेथें दुसरे दिवशीं लग्न होतें. गवत कापीत असतां यंत्राचें पातें मागच्या मांडवाच्या, गवतांत राहिलेल्या लोखंडी खुंटीवर आदळलें आणि इंजिन जागींच थांबलें. पुन्हां दोरी ओढली, तों इंजिनानें ती इतक्या जोरानें उलट खेचली कीं पुतण्याचें मनगट मुरगळलें.

मीं वडीलकीच्या अधिकारानें निदान केलें कीं कार्बोरेटर गेला. तडक पुण्यास नाना पेठेंत गेलों. दुकानदारानें इंजिनाचा नंबर विचारला. तो माझ्याजवळ नव्हता. तरी रंग व अंदाजें ताकद सांगून “द्या हो, चालेल,” असें म्हटलें. आणलेल्या कार्बोरेटरचीं भोंकें जुळेनात. दुसऱ्या खेपेस कॉइल आणली. ती बसली, पण दोरीचा उलट हिसका कायम राहिला. अखेर लग्न अर्धवट कापलेल्या हिरवळीवर लागलें, व यजमानांनीं ठरल्या भाड्यांतून रक्कम कापून घेतली. त्यांचें तें करणें योग्यच होतें. खरा बिघाड काय होता तें पुढें येईल. आधीं ओळखीचा पाठ पाहूं.

१. जात ओळखावी. प्रथम इंजिन टू-स्ट्रोक कीं फोर-स्ट्रोक हें पाहावें. फोर-स्ट्रोक इंजिनास ऑइल भरण्याचें निराळें तोंड असतें व बहुधा टोपणासच ऑइल मोजण्याची काडी असते. टू-स्ट्रोकमध्यें असें तोंड नसतें. ऑइल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. मिश्रणाचें प्रमाण टांकीच्या टोपणावर किंवा पुस्तिकेंत दिलेलें असतें. पन्नासास एक म्हणजे लिटरास २० मिलिलिटर, पंचविसास एक म्हणजे ४० मिलिलिटर. टू-स्ट्रोकमध्यें नुसतें पेट्रोल घातल्यास दट्ट्या सिलिंडरांत जाम होतो, आणि ती चूक एका लहानशा चकरेंत सर्व इंजिन खाऊन टाकते. बांधावरील गवत कापण्याचें जें यंत्र खांद्यास अडकवितात, तें दोन्ही जातींचें मिळतें. सबब शेजाऱ्याचें पाहून आपल्या यंत्रांत पेट्रोल घालूं नये.

दुसरें, क्रँक उभा कीं आडवा तें पाहावें. ज्या यंत्राचें पातें खालीं पंख्यासारखें फिरतें, त्याचा क्रँक बहुधा उभा असून पातें त्याच्याच टोंकास बसविलेलें असतें. पंप, पॉवर वीडर व रुळासारख्या फिरत्या पात्यांचें यंत्र ह्यांस सामान्यतः आडव्या क्रँकचें इंजिन असतें. हें रुळाचें यंत्रच मूळचें होय. एडविन बडिंग ह्या इंग्रज गृहस्थानें त्याचें पेटंट १८३० सालीं घेतलें. तेव्हां त्यास इंजिन नव्हतें. माणसानें ढकलावयाचें होतें.

२. नंबर शोधावा. यंत्र करणारा एक व इंजिन करणारा दुसरा, असें पुष्कळदां असतें. म्हणून दांड्यावरील नांव सोडून इंजिनावरील नंबर घ्यावा. आपल्या वडील पिढीस ही शिस्त ठाऊक होती. मुळेपलीकडे खडकीस १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली व तिचीं इंजिनें गांवोगांव विहिरींवर गेलीं. ‘एव्ही-१’ म्हटलें कीं पांच अश्वशक्ति व मिनिटास १५०० फेरे, हें कोणीही जुना बागाईतदार सांगे. लहान पेट्रोल इंजिनावर तशी ठळक पाटी नसते. नंबर वरच्या झांकणावर किंवा सिलिंडराजवळ ठोकलेला असतो, आणि तो गवताच्या चोथ्याखालीं दडतो. ओल्या फडक्यानें पुसून पाहावा.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ह्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनावर आंकड्यांचे तीन गट असतात : मॉडेल, टाइप व कोड. मॉडेलचे आरंभींचे आंकडे सिलिंडरचें माप घनइंचांत सांगतात. १२ नें आरंभ होणारें लहान इंजिन १९० घन सेंटिमीटरच्या आसपासचें असतें. कोडचे पहिले सहा आंकडे म्हणजे इंजिन तयार झाल्याचें वर्ष, महिना व दिवस. भाग मागतांना तीन्ही गट सांगावे. एकाच मॉडेलमध्यें टाइपप्रमाणें क्रँकचें टोंक व कार्बोरेटर बदलतात.

३. सारखा आंकडा, निराळें इंजिन. होंडाचें जीसीव्ही-१६० उभ्या क्रँकचें व जीएक्स-१६० आडव्या क्रँकचें आहे. ‘होंडाची १६० ची रिंग’ मागणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें. पहिल्याच्या सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ५० आहे. दुसऱ्याचा व्यास ६८ व धांव ४५ आहे. झडपा हलविण्याची रचनाही भिन्न आहे : एकांत आंत पट्टा आहे, दुसऱ्यांत दांड्या आहेत. ६८ ची रिंग ६४ च्या सिलिंडरांत कशी बसणार?

प्लगचेंही तसेंच. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असें नव्हे. आट्यांची लांबी अधिक झाल्यास प्लगचें टोंक दट्ट्यावर आपटतें. म्हणून जुना प्लग बरोबर न्यावा व त्यावरील पूर्ण नंबर वाचावा.

४. चावीची गोष्ट. आतां त्या वैशाखांतील बिघाड. क्रँकच्या निमुळत्या टोंकावर फ्लायव्हील म्हणजे जड चाक बसतें, व दोहोंच्या खांचेंत मऊ धातूची लहान चावी असते. चाकावरील चुंबक कॉइलपुढून जातें त्या वेळीं ठिणगी पडते. पातें खुंटीवर आदळतांच क्रँक थांबला. जड चाक मात्र आपल्या वेगानें किंचित् पुढें सरकलें व चावी अर्धी कातरली. त्यामुळें ठिणगी वेळेआधीं पडूं लागली. दट्ट्या वर पोहोंचण्यापूर्वींच पेट्रोल पेटे, तोच दोरीचा हिसका. मिस्त्रीनें ती कातरलेली चावी माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हां मला बोलण्यास तोंड उरलें नाहीं. कार्बोरेटर व कॉइल ह्यांच्या किंमतीपुढें तिची किंमत कांहींच नव्हती.

चावी मऊ असते ती मुद्दाम. ती तुटून क्रँक व चाक ह्यांस वांचविते. तिच्या जागीं खिळ्याचा तुकडा किंवा पोलादी चावी घालूं नये. नाहीं तर पुढचा धक्का क्रँकवर जाईल. चावी बदलूनही यंत्र थरथरत असेल, तर क्रँक किंवा पातें वांकलें आहे असें समजून यंत्र बंद ठेवावें.

पात्यास हात लावण्यापूर्वीं प्लगची टोपी काढून दूर ठेवावी. पातें हातानें फिरविलें तरी इंजिन पेट घेऊं शकतें, आणि गेलेलें बोट कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. यंत्र कलतें करतांना हवेचा फिल्टर वरच्या बाजूस ठेवावा, म्हणजे त्यांत ऑइल उतरणार नाहीं.

५. दप्तर ठेवावें. एका वहींत प्रत्येक इंजिनासाठीं एक पान राखावें : करणाऱ्याचें नांव, सर्व नंबर, स्ट्रोक, क्रँक उभा कीं आडवा, प्लगचा नंबर, ऑइलची जात व माप, पात्याची लांबी व मधल्या भोंकाचा व्यास. खालीं फेरफारांप्रमाणें कोणता भाग कधीं बदलला तें लिहावें. सिलिंडर घांसून मोठा केला असेल, तर तें माप अवश्य नोंदावें. पुढची रिंग त्याच मापाची लागते. शक्य तेथें जुना भाग बरोबर नेऊन नव्याशीं ताडून पाहावा.

पुतण्याच्या लॉनवर आतां अशी वही आहे, आणि कापणीपूर्वीं खुंट्या मोजून उचलण्याची नोंदही तींतच होते. सातबारा जपणाऱ्या आपणां सर्वांस हें एक पान जड जाऊं नये. येत्या सवडीच्या दिवशीं फडकें घेऊन यंत्राजवळ बसावें व नंबर उतरून घ्यावा, इतकीच विनंति.