फुटक्या बशांचे घर
(हस्तव्यवसायाचा पाठ : इयत्ता चौथी व पाचवी)

पाठाचा हेतू : टाकाऊ ठरलेल्या वस्तूस योग्य जागा लाभली म्हणजे तिचे रूप कसे पालटते, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे, तसेच हाताने काम करणाऱ्या माणसाविषयी आदर निर्माण करणे.

निवेदन : घरात बशी फुटली म्हणजे तिचे तुकडे तत्काळ केरात जातात. फ्रान्स देशातील शार्त्र या नगरात मात्र एका सामान्य कामगाराने असल्याच तुकड्यांनी आपले अवघे घर मढविले.

या कामगाराचे नाव रेमों इझिदोर. त्याचा जन्म १९०० साली झाला. नगराच्या कडेला त्याने स्वतःच्या हातांनी एक लहानसे घर बांधले होते. १९३८ च्या सुमारास शेतांतून फिरताना काचेचे व चिनी मातीचे काही तुकडे त्यास चमकताना दिसले. केवळ त्यांच्या रंगाच्या मोहाने त्याने ते वेचले. पुढे ढीग साचला, तेव्हा त्यातून घर सजविण्याची कल्पना त्यास सुचली. उकिरडे धुंडाळून तो तुकडे आणी व सिमेंटमध्ये एकेक बसवी. पुढे दफनभूमीत झाडलोटीची नोकरी करतानाही त्याचा हा क्रम सुटला नाही. आधी आतल्या भिंती झाल्या. नंतर पलंग, मेज, खुर्च्या, शेगडी, इतकेच नव्हे तर पत्नीचे शिवणयंत्रही मढविले गेले. पुढे बाहेरच्या भिंती व अंगण यांचीही पाळी आली. निळ्या काचांच्या खिडक्यांसाठी विख्यात असलेले शार्त्रचे जुने कॅथेड्रलही त्याने तुकड्यांतून चितारले.

लोक त्यास हसत. परक्याच्या पानावर फुकट जेवणाऱ्यास फ्रेंच भाषेत ‘पिक-आसिएत’ म्हणतात. ‘आसिएत’ म्हणजे बशी. त्यात चित्रकार पिकासोचे नाव मिसळून लोकांनी त्यास ‘पिकासिएत’ म्हणण्यास आरंभ केला. १९६४ साली तो वारला. १९८१ मध्ये नगरपालिकेने ते घर घेतले व १९८३ मध्ये त्यास ऐतिहासिक वास्तूचे संरक्षण मिळाले. चेष्टेने दिलेले तेच नाव आज त्या घराचे नाव झाले असून दूरदूरचे लोक ते पाहावयास जातात.

स्पष्टीकरण : हा हुन्नर आपणांस अपरिचित नाही. आपल्याकडे गच्चीवर चिनी मातीच्या लाद्यांचे तुकडे बसवितात, त्यास ‘चायना मोझॅक’ म्हणतात. उतार साधून व सांधे नीट भरून हे काम केले म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाते आणि पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परतल्याने खालची खोली कमी तापते. शिक्षकांनी शक्य तर अशी गच्ची मुलांस दाखवावी व गवंड्यास वर्गात बोलावून त्याच्याच तोंडून कृती ऐकवावी.

घरातील फुटक्या बशांचे असे काम कोणास करवून घ्यावयाचे असल्यास तुकडे धुऊन जपावेत, जागा आधी ठरवावी, आखणी कारागिराच्या विचाराने करावी आणि वेळ व मजुरी प्रथमच स्पष्ट बोलावी. तुकडे घरचेच आहेत, मग एवढे पैसे कशाचे, असे पुष्कळ जण म्हणतात. तुकड्यांस मोल नसते हे खरे. मोल असते ते त्यांस जागेवर बसविणाऱ्या हातास. ते न देता काम मागणे, हाच खरा फुकटेपणा होय.

कृती : मुलांच्या हाती फुटकी काच वा बशी देऊ नये. रंगीत कागदाचे कपटे व चिंचोके खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून घ्यावेत. कोणाचे काम ओबडधोबड झाल्यास वर्गाने हसू नये, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.

प्रश्न :
१. इझिदोरने पहिले तुकडे कोणत्या हेतूने वेचले?
२. गच्चीवरील तुकडे पांढरे का असतात?
३. लोक इझिदोरला फुकट्या म्हणत. त्याने कोणाचे काय घेतले होते?