ग्लेनडांबोच्या पुढं पंप नाही

सोलापूरहून ॲडलेडला आलेलं नवं जोडपं पहिल्याच हिवाळ्यात विचारतं, "उलुरूला गाडीनं जायचंय, तंबू ठोकत. जमेल ना?" जमतं. मे ते ऑगस्ट हाच त्याचा हंगाम. इथं मुरलेल्या आपल्याकडच्या चार-पाच घरांनी ठेचकाळत जे शिकलं, ते या जोडप्यांसाठी एकत्र केलंय.

सोलापूरकराची एक घमेंड असते: ऊन आणि माळ आम्हाला काय नवीन? ते खरंही आहे. पण आपल्या माळावर गाडी बंद पडली की कुठूनतरी चार माणसं उगवतात. त्यातल्या तिघांना इंजिनातलं काही कळत नसतं, तरी धक्का मारायला चौघंही असतात. इथं डांबरी हमरस्ता सोडला तर दिवसभर कुणी फिरकणार नाही. तेव्हा "कुणीतरी भेटेलच" हा भरवसा घरी ठेवा आणि मग सामान बांधायला घ्या.

पोर्ट ऑगस्टाहून डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे 2,700 किलोमीटरचा आहे. त्यात ग्लेनडांबो ते कूबर पेडी हा टप्पा अडीचशेचा, म्हणजे साधारण सोलापूर ते पुणे. फक्त मध्ये टेंभुर्णी नाही, इंदापूर नाही, भिगवणचे मासे नाहीत आणि पेट्रोल पंपही नाही. टाकी अर्धी दिसली तरी ग्लेनडांबोला भरून घ्या. भाव बघून पुढं ढकलू नका. पाणी माणशी रोज दहा लिटर धरायचं, वर दोन दिवसांचं जास्तीचं.

मोबाइल बहुतेक वाटेवर मुका असतो. म्हणून उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं छोटं यंत्र, ज्याला इथं पीएलबी म्हणतात, ते घेऊन नावनोंदणी करून ठेवा. नोंदणी फुकट आहे. आणि गाडी बिघडलीच, तर नवऱ्याच्या तोंडून हमखास एक वाक्य येतं: "तू बस गाडीत, मी जरा पुढं जाऊन बघून येतो." बायकांनो, ते ऐकायचं नाही. शोधायला आलेल्या विमानातून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. दोघांनीही गाडीच्या सावलीला बसून राहायचं.

उसाच्या जोडट्रॉल्यांना ओव्हरटेक करून हात तयार झालाय, असं कुणी म्हणेल. इथली रोड ट्रेन 53.5 मीटरपर्यंत लांब असते आणि शंभराच्या आसपास वेगानं पळते. समोर लांबवर रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाहेर निघू नका. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. कांगारू आणि कुंपण नसलेली गुरं नेमकी त्याच वेळी रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीचा करारही वाचा. कच्च्या रस्त्यावर किंवा गावाबाहेर रात्री चालवलेल्या गाडीचा विमा बऱ्याचदा लागू होत नाही. पाऊस पडून गेला की मातीचे रस्ते बंद करतात. आभाळ निळंभोर दिसलं तरी अडसर ओलांडायचा नाही, दंड बसतो.

जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. स्वॅग, म्हणजे इथली कॅनव्हासची वळकटी, बरी असते. पण आत सोलापुरी चादर दुहेरी अंथरली तर पहाटे दात वाजत नाहीत. खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणीला तोड नाही. फ्रीज नको, शेगडी नको. वणव्याचा धोका वाढला की उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी येते, त्या दिवशी शेजारच्या तंबूतले लोक आपल्या भाकरीकडे बघत बसतात. मात्र देशातून येताना विमानतळाच्या फॉर्मवर खाण्याचा प्रत्येक डबा लिहा. लपवलं तर दंड. मिल्ड्युराकडून येणाऱ्यांना रेन्मार्कजवळच्या यांबा नाक्यावर फळमाशीपायी फळं आणि टोमॅटो टाकावे लागतात. आमची तर अर्धा किलो हिरवी मिरची तिथल्या पेटीत गेली. त्याची हळहळ अजून आहे.

उलुरूवर चढता येत नाही. गडाच्या माथ्यावर गेल्याशिवाय पाय न वळणारी माणसं आपण, पण अनांगू लोकांचं ते पवित्र ठिकाण आहे आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद आहे. पायथ्याची दहा किलोमीटरची प्रदक्षिणा घाला, पहाटे. काही जागी फोटो मना आहे, तसे फलक असतात. तंबू राष्ट्रीय उद्यानाच्या आत टाकता येत नाही, युलारात जावं लागतं. तोंडावर माशांची जाळी घाला. पहिल्या दिवशी हसू येतं, दुसऱ्या दिवशी सगळेच घालतात.

शेवटचं काम निघायच्या आदल्या रात्री. कुठला मुक्काम कधी, हे कागदावर लिहून ॲडलेडच्या एका घरी द्या आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं तेही ठरवा. मग सोलापूरला फोन. त्या दिवसांत आपण तिथल्यापेक्षा चार तास पुढं असतो, तेव्हा आईला वेळ तिच्या घड्याळाप्रमाणे सांगा: "गुरुवारी संध्याकाळी पाचला कूबर पेडीहून बोलते, तोवर फोन लागणार नाही." नाहीतर ती बुधवारपासूनच सिद्धरामेश्वराला साकडं घालून बसते.